चळवळीच्या काळातील बालपण : कुमारांसाठी ऐतिहासिक कादंबरी

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीचे अनेक प्रकार आहेत. किल्ले, लढाया आणि राजदरबार यांभोवती रचलेली कादंबरी हा त्यांतील सर्वांत जुना व लोकप्रिय प्रकार होय. प्रस्तुत प्रकरणात मात्र आपणांस निराळ्या प्रकारच्या कादंबरीचा विचार करावयाचा आहे. देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू असता ज्यांचे बालपण गेले, अशा मुलामुलींची कथा ती सांगते. तिचा नायक सेनापती नसतो, पुढारीही नसतो. तो शाळेत जाणारा, वडिलांच्या धाकात वाढणारा, खिशात एक आणा असला तर स्वतःला श्रीमंत समजणारा मुलगा असतो. इतिहास त्याच्या दारावरून जात असतो आणि दार उघडावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार बहुधा त्याला नसतो.

या कादंबरीचे महत्त्व आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९३० साली जो मुलगा बारा वर्षांचा होता, त्याच्या जन्मास शंभराहून अधिक वर्षे लोटली. सविनय कायदेभंगाची आठवण आजोबांच्या तोंडून ऐकावी, ही सोय आजच्या वाचकाला उरलेली नाही. घरातील ओसरीवर जे सांगितले जाई, ते आता पुस्तकालाच सांगावे लागणार. म्हणून पुस्तकाने काय सांगावे आणि कसे सांगावे, हा केवळ रंजनाचा प्रश्न नव्हे; तो खरेपणाचा प्रश्न आहे.

१. मुलांचा वाटा

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात विद्यार्थी चळवळीत उतरले, ते बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनापासून. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारने काढलेले परिपत्रक ‘कार्लाइल परिपत्रक’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या शाळांतील विद्यार्थी बहिष्काराच्या चळवळीत भाग घेतील, त्यांचे अनुदान बंद करण्याची धमकी त्यात होती. सरकारला शाळकरी मुलांविरुद्ध फर्मान काढावे लागले, यावरूनच त्यांच्या सहभागाची कल्पना येते. पुढे १९२०–२१ च्या असहकारात मुलांनी सरकारी शाळा सोडल्या आणि राष्ट्रीय शाळांत नावे घातली. १९३० मध्ये अलाहाबादला मुलांची ‘वानरसेना’ उभी राहिली. निरोप पोचविणे, झेंडे शिवणे, स्वयंसेवकांना पाणी देणे, भिंतींवर पत्रके चिकटविणे, अशी कामे ही मुले करीत. इंदिरा नेहरू तेव्हा बारा वर्षांच्या होत्या.

याच्या पुढची पाने अधिक कठीण आहेत. ओरिसातील धेनकानाल संस्थानात प्रजामंडळाचे आंदोलन चालू असता, ११ ऑक्टोबर १९३८ रोजी ब्राह्मणी नदीच्या घाटावर बाजी राउत हा बारा वर्षांचा मुलगा शिपायांच्या गोळीने ठार झाला. शिपायांना पैलतीरी उतरविण्यास त्याने नकार दिला होता. २० सप्टेंबर १९४२ रोजी आसामात गोहपूरच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यास निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी असलेली सतरा वर्षांची कनकलता बरुआ गोळीबारात पडली. त्याआधी अकराच दिवस, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे पंधरा वर्षांच्या शिरीषकुमार मेहताला गोळ्या लागल्या. लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे त्याचे चार सोबतीही त्या दिवशी हुतात्मा झाले. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती. त्याचे गाव मराठी, गुजराती आणि भिल्लांच्या बोली शेजारीशेजारी बोलणारे होते. चळवळीचा इतिहास प्रांतांच्या चौकटीत बसविण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे एकच गाव नीट पाहावे.

२. हुतात्म्याची कथा आणि मुलाची कथा

अशा घटनांवर लिहावयाचे म्हटले की लेखकापुढे एक तयार साचा उभा राहतो. मुलगा शूर असतो, त्याला भय ठाऊक नसते; तो पुढे होतो, गोळी लागते, झेंडा मात्र खाली पडत नाही. हा साचा केवळ आपल्याकडचा नव्हे. इटलीच्या एकीकरणानंतर एदमोंदो दे आमिचिस यांचे ‘कुओरे’ हे पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १८५९ च्या युद्धातील एका लोंबार्ड पोराची गोष्ट आहे. शत्रू कोठे आहे हे पाहण्यासाठी तो सैनिकांच्या सांगण्यावरून झाडावर चढतो, गोळी लागून पडतो, आणि पुढे जाणारे सैन्य त्याच्या देहावर फुले टाकीत जाते. नव्याने घडणाऱ्या राष्ट्राला आपल्या शाळांसाठी अशी गोष्ट हवी असते आणि ती वाचताना डोळे पाणावतात, हेही खरे.

पण ही गोष्ट वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा : त्या मुलाला झाडावर चढावयास कोणी सांगितले? गोष्ट या प्रश्नाजवळ थांबत नाही, कारण तिला शेवटाची घाई असते. हुतात्म्याची कथा शेवटापासून मागे लिहिली जाते. मृत्यू ठरलेला असतो आणि आधीचा प्रत्येक दिवस त्या मृत्यूची तयारी म्हणून मांडला जातो. मुलाची कथा याच्या उलट दिशेने चालते. त्या दिवशी सकाळी उठलेल्या मुलाला संध्याकाळ ठाऊक नसते.

बाजी राउतचेच उदाहरण घेऊ. सची राउतराय या ओडिया कवींनी, ज्यांना पुढे १९८६ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले, त्याच्यावर दीर्घ काव्य रचले. काव्याला त्या क्षणाचे तेज पुरते. कादंबरीला मात्र ते पुरत नाही. नावाड्याच्या घरातल्या या मुलाला काय ठाऊक होते, हे कादंबरीकाराने शोधले पाहिजे. त्याला नदी ठाऊक होती; पावसाळा सरताना पाणी कोठे खोल असते आणि कोठे उथळ, हे माहीत होते. रात्री घाटावर पहारा करावयास मोठ्या माणसांनी सांगितले होते, हेही माहीत होते. ‘ब्रिटिश साम्राज्य’ हा शब्द त्याच्या कानी आला असेलच असे नाही. परंतु ‘बेठी’ हा शब्द निश्चित आला असेल. संस्थानात रयतेकडून सक्तीने करून घेतल्या जाणाऱ्या बिनमोल कामाला तेथे बेठी म्हणत. आपली ‘वेठ’ ती हीच. अशा मुलाच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे दिल्लीच्या किल्ल्यावरील ध्वज नव्हे. ते वेठीतून सुटका, एवढेच आणि एवढे मोठे होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा नकार लहान होत नाही. उलट तो आपल्याला प्रथमच समजतो. आणि त्याबरोबर दुसराही प्रश्न टाळता येत नाही : त्या रात्री घाटावर बारा वर्षांचा मुलगा का होता, आणि मोठी माणसे कोठे होती? ज्या कादंबरीत हा प्रश्न उमटत नाही, ती मुलाचा गौरव करते, परंतु त्याची काळजी करीत नाही.

३. एका टोपीची गोष्ट

आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही इंग्रजी कादंबरी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती खास मुलांसाठी लिहिलेली नव्हती. परंतु आपल्या देशातील असंख्य मुलांनी ती आपली मानली. कादंबरीचा फार मोठा भाग शाळा, परीक्षा, मैत्री आणि क्रिकेट यांनी व्यापला आहे. चळवळ त्यात येते ती दोन दिवसांपुरती.

मुंबईच्या एका पुढाऱ्याच्या अटकेचा निषेध करण्यासाठी सरयूच्या काठी सभा भरते. लेखकाने या सभेची तारीख १५ ऑगस्ट १९३० अशी दिली आहे. आजच्या वाचकाला ती हेतुपुरस्सर योजलेली वाटते. पण पुस्तक १९३५ चे असल्याने हा केवळ योगायोग होय. सभेत विलायती कपड्यांची होळी होते. गर्दीतील कोणी तरी स्वामीची टोपी परदेशी असल्याचे म्हणतो आणि तो लाजेने ती आगीत टाकतो. दुसऱ्या दिवशी हरताळाच्या गोंधळात तो शाळेच्या काचा फोडतो. पोलिसांचा लाठीमार सुरू झाल्यावर भेदरून घरी येतो. टोपीची चौकशी होते, तेव्हा वडिलांकडून कळते, की ती टोपी खादीचीच होती.

या प्रसंगात विनोद आहे, पण चळवळीची थट्टा नाही. स्वामीचा क्षोभ खरा आहे. भाषण ऐकून त्याला आलेले भरते खरे आहे आणि दगड भिरकावताना वाटलेला आनंदही खरा आहे. मात्र तो आनंद देशासाठी किती आणि नावडत्या शाळेच्या काचा फुटतात म्हणून किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. दहा वर्षांच्या मुलाचे मन असेच असते. पुढे त्याला ती शाळा सोडावी लागते आणि मित्रांपासून दूर जावे लागते. दोन दिवसांच्या क्षोभाची किंमत पुष्कळ दिवस द्यावी लागते. इतिहास माणसाच्या आयुष्यात असाच शिरतो, हे या छोट्या टोपीने जितके पटते, तितके मोठ्या वर्णनांनी पटत नाही.

४. एक क्रांती, दोन पुस्तके

ऐतिहासिक कादंबरीत दोन काळ असतात : एक कथेचा आणि दुसरा लेखकाचा. हे नीट समजण्यासाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरील दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत.

एस्थर फोर्ब्ज यांचे ‘जॉनी ट्रेमेन’ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४४ मध्ये त्यास न्यूबेरी पदक मिळाले. बोस्टनमधील चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणाऱ्या जॉनीचा हात वितळलेल्या चांदीने भाजतो. हातातील कसब गेल्यावर तो वणवण फिरतो आणि स्वातंत्र्यवाद्यांच्या गोटात येतो. १७७३ मधील चहाच्या पेट्या समुद्रात बुडविण्याच्या प्रसंगापासून १७७५ मधील पहिल्या चकमकीपर्यंतचा काळ यात येतो. जॉनीचा जिवलग मित्र मरण पावतो, पण कथेचा शेवट आशेचा आहे : डॉक्टर त्याचा हात असा सोडवू शकणार असतो, की त्याला बंदूक धरता येईल. ज्या वर्षी हे पुस्तक आले, त्या वर्षी अमेरिका दुसऱ्या महायुद्धात होती, हे सांगावयास नकोच.

बंधू जेम्स व क्रिस्टोफर कोलियर यांचे ‘माय ब्रदर सॅम इज डेड’ १९७४ चे. यातील टिम हा मुलगा कनेक्टिकटमधील एका खेड्यात राहतो. थोरला भाऊ बंडखोरांच्या सैन्यात जातो. वडिलांना मात्र युद्धच नको असते. पुढे वडील इंग्रजांच्या कैदेत मरतात आणि भावाला त्याच्या स्वतःच्या सैन्याकडून, न केलेल्या गुरेचोरीच्या आरोपावरून, गोळ्या घातल्या जातात. दोन्ही पक्षांनी या घराची हानी केली आणि टिम अखेर कोणाचाच झाला नाही. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकेतील घराघरांत मतभेद माजले होते, तेव्हा हे पुस्तक लिहिले गेले.

यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तपशिलापुरते बोलावयाचे, तर दोन्हींत अभ्यास आहे. फरक आहे तो प्रश्नांचा. १९४३ च्या लेखिकेने विचारले, की मनुष्य कशासाठी लढतो. १९७४ च्या लेखकांनी विचारले, की लढाईची किंमत कोण देतो. मुलांच्या कपाटात ही दोन्ही पुस्तके असावीत. केवळ पहिले वाचणारा मुलगा भोळा राहील आणि केवळ दुसरे वाचणारा हताश होईल.

५. घराच्या आतील चळवळ

सभा, मिरवणुका आणि लाठीमार यांचे वर्णन करणे तुलनेने सोपे असते. कठीण असते ते घराच्या आतील बदलांचे चित्रण. वडील सरकारी नोकरीत आणि भाऊ तुरुंगात, आई खादी नेसते आणि आजी तिच्याशी अबोला धरते, अशी घरे देशाच्या प्रत्येक प्रांतात होती. मुलाच्या दृष्टीने चळवळ म्हणजे प्रथम जेवणाच्या पंक्तीतील शांतता होय.

सुप्रिया केळकर यांची ‘अहिंसा’ ही २०१७ मधील इंग्रजी कादंबरी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लेखिकेला तिची प्रेरणा आपल्या पणजी, नागपूरच्या स्वातंत्र्यसैनिक व पुढे लोकसभेच्या सदस्य झालेल्या अनसूयाबाई काळे यांच्यापासून मिळाली. १९४२ च्या या कथेत अंजली नावाच्या मुलीची आई चळवळीत पडते आणि घराचे सारे नियम बदलतात. सुंदर विलायती कपडे जाळावे लागतात, हे मुलीला आवडत नाही. तथापि खरी कसोटी पुढे आहे. अस्पृश्य मानलेल्या मुलाला काय म्हणावे आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न उभा राहतो. उपकाराची भावना आणि समतेची भावना एक नव्हे, हे अंजलीला हळूहळू उमगते. इंग्रज गेले म्हणजे सर्व बंधने गेली, असे मानणाऱ्या पुस्तकांपेक्षा ही दृष्टी अधिक प्रामाणिक आहे.

स्वातंत्र्याबरोबर आलेली फाळणी हा बालसाहित्याने पुष्कळ काळ चुकविलेला विषय. वीरा हीरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’ (२०१८) मध्ये बारा वर्षांची निशा आपल्या मृत आईला रोज पत्र लिहिते. वडील हिंदू, आई मुसलमान. आणि १९४७ मध्ये मीरपूर खास येथील घर सोडून जोधपूरकडे निघावयाचे. आपण कोणत्या बाजूचे, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही, कारण दोन्ही बाजू तिच्या रक्तातच आहेत. शेजारच्या बांगलादेशात मुहम्मद जाफर इक्बाल यांनी १९९४ मध्ये ‘आमार बोंधू राशेद’ लिहिले. १९७१ च्या मुक्तियुद्धात मारल्या गेलेल्या एका शाळकरी मुलाची ती कथा आहे. पण सांगतो ती त्याचा मागे उरलेला मित्र. शौर्याची कथा उरलेल्याच्या तोंडून आली, की तिच्यात शोकाला जागा मिळते. आणि शोक हाही मुलांचा हक्क आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चळवळीच्या ऐन काळात तुरुंगात मुलांसाठी जे लिहिले गेले, ते सारेच चळवळीविषयी नव्हते. जवाहरलाल नेहरूंनी १९३० पासून तुरुंगातून मुलीला पत्रे लिहिली, ती जगाच्या इतिहासावर. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली. तिचा विषय कोकणातील एक दरिद्री घर आणि त्या घरातील माउली हा आहे. मुलांना केवळ घोषणा देऊन चालणार नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

६. तपशिलाची कसोटी

ऐतिहासिक कादंबरीचा खरेपणा लहानसहान गोष्टींत दिसून येतो. काही उदाहरणे पाहा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे चित्र काढताना पुष्कळ चित्रकार केशरी, पांढरा व हिरवा झेंडा रंगवितात. हे चूक आहे. त्या वेळच्या काँग्रेसच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा व खाली तांबडा पट्टा असून त्यावर चरखा असे. केशरी पट्टा ऑगस्ट १९३१ मध्ये आला आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र २२ जुलै १९४७ रोजी आले. तसेच, नाण्यांचा हिशेब सोळा आणे म्हणजे एक रुपया, असा १९५७ पर्यंत होता. त्यापूर्वीच्या कथेतील मुलाने ‘पन्नास पैसे’ मागू नयेत. बातमी खेड्यात पोचावयास दिवस लागत. वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. याहून सूक्ष्म चूक विचारांची असते. जे पुढाऱ्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते, ते कथेतील मुलाला ठाऊक असू नये. १९४२ मध्ये पाचच वर्षांनी स्वातंत्र्य येणार आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. हे अज्ञान ज्या लेखकाला जपता आले, त्याच्या पात्रांचे धैर्य खरे वाटते.

७. समारोप

मुलांच्या हाती आपण हे पुस्तक कशासाठी देतो? त्यांनी मरावयास शिकावे म्हणून खचित नव्हे. जे मेले, ते आपल्यासारखेच होते. त्यांना भूक लागे, अंधाराची भीती वाटे, मित्रांशी त्यांचे भांडण होई, हे कळावे म्हणून देतो. पुतळ्याला आपण नमस्कार करतो आणि पुढे जातो. वर्गातील शेजारच्या बाकावरचा मुलगा एके दिवशी आला नाही, तर मात्र आपण त्याची चौकशी करतो. चांगली कादंबरी पुतळ्याला पुन्हा त्या बाकावर आणून बसविते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील वा जिल्ह्यातील चळवळीचा एक प्रसंग निवडा. त्या ठिकाणी असलेल्या बारा वर्षांच्या मुलास त्या दिवशी काय ठाऊक असेल आणि काय नसेल, याच्या दोन याद्या करा.

२. हाच प्रसंग दोनदा लिहा : एकदा मिरवणुकीत गेलेल्या मुलीच्या दृष्टीने आणि एकदा घरी थांबावे लागलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या दृष्टीने.

३. लोंबार्ड पोराच्या गोष्टीत झाडावर चढावयास सांगणाऱ्या अधिकाऱ्याला रात्री झोप लागली असेल काय? वर्गात चर्चा करा.